'कोकणातल्या गरम झऱ्यांवर मुंबई उजळेल, फक्त पर्यावरण तपासणी हटवा': एका फॉरवर्डचा मुद्देसूद समाचार

मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. वीजबिल आलं की तो हमखास पुन्हा उगवतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत जमिनीतून फुकट गरम पाणी वर येतं. सह्याद्री ज्वालामुखीतून झालेला, त्यामुळे खाली अमाप उष्णता आहे. देशात १०,६०० मेगावॉट भूऔष्णिक (जमिनीखालच्या उष्णतेवरची) वीज नुसती पडून आहे. अमेरिकेने सरकारी जमिनीवरच्या अशा प्रकल्पांची पर्यावरण तपासणी रद्द केली, तिथे सगळं २८ दिवसांत उरकतं, आणि आपण मात्र एनओसी गोळा करत बसलोय.

भूऔष्णिक वीज चोवीस तास मिळते, तिला कोळसा लागत नाही, आणि कोकणात तिचा शोध घ्यायलाच हवा. त्यात वाद नाही. पण या मजकुरातली बहुतेक विधानं अर्धवट आहेत आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष तर साफ उलटा आहे.

"सह्याद्री ज्वालामुखीचा, म्हणून खाली उष्णता"

दख्खनचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो लाव्हा कधीच थंड झाला. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे इथे तीन किलोमीटर खोल बोअर घेतला गेला. तिथे सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली जुना, थंड ग्रॅनाइटी खडक लागला. त्या भागात सहा किलोमीटर खोलीवरच्या तापमानाचा अंदाजही १५० अंशांच्या आतला आहे. कॅलिफोर्नियातल्या 'द गीझर्स' या भूऔष्णिक क्षेत्रात साधारण दोन किलोमीटरवरच २४० अंशांची वाफ मिळते.

मग झरे गरम का? पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून झपाट्याने वर येतं, म्हणून. गणेशपुरी-वज्रेश्वरीला पृष्ठभागावर ते ५० अंशांच्या आसपास असतं, खेडजवळच्या उन्हवरेला ७० च्या आसपास. पाण्यातल्या सिलिका आणि क्षारांवरून खोलीवरच्या तापमानाचा अंदाज काढला तर आकडा १२० अंशांच्या आजूबाजूला येतो. यातली अडचण पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून इथेच सांगून ठेवतो: कोकणात झऱ्याची भेग वेगळी आणि विजेचा साठा वेगळा, असं धरून चालता येत नाही. बोअर ज्या भेगेचा वेध घेणार, तीच भेग कुंड भरते.

"१०,६०० मेगावॉट पडून आहेत, मुंबईचा प्रश्न सुटला"

१०,६०० हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा संपूर्ण देशासाठीचा अंदाज आहे. बोअर मारून सिद्ध केलेला साठा तो नव्हे. मणिकरणला ५ किलोवॉटचा आणि तेलंगणात मणुगुरूला २० किलोवॉटचा प्रायोगिक संच झाला. व्यापारी तत्त्वावर ग्रिडला वीज देणारा एकही भूऔष्णिक प्रकल्प देशात अजून नाही.

आता कोकणाचा हिशेब मांडू. १२० अंशांचं पाणी ७० अंशांपर्यंत थंड केलं तर एका लिटरमागे सुमारे २१० किलोजूल उष्णता हाती येते. इतक्या कमी तापमानाला वाफेचं टर्बाइन चालत नाही. पेंटेनसारखा लवकर उकळणारा द्रव वापरणारा बायनरी संच लावावा लागतो, आणि तो यातल्या जेमतेम ८-९ टक्के उष्णतेची वीज करतो. म्हणजे १ मेगावॉटसाठी सेकंदाला साधारण ५५ लिटर, दिवसाला ४७-४८ लाख लिटर गरम पाणी फिरवायला हवं. मे महिन्यातल्या दमट ३३ अंशांत संच नीट थंड होत नाही, आणि पंपही त्याच विजेतली वीज खातात. ते यात धरलेलं नाही. मुंबईची कमाल मागणी ४,००० मेगावॉटच्या पुढे जाते. तेवढ्यासाठी रोज १९,००० दशलक्ष लिटर पाणी उपसून परत जिरवावं लागेल. महापालिका सातही तलावांतून रोज शहराला देते ते पाणी याच्या जेमतेम पाचवा हिस्सा भरेल.

कोकणात दोन-पाच मेगावॉटचे संच, मासळी आणि काजू वाळवणं, शीतगृहं एवढं शक्य दिसतं. तेही कमी नाही. पण ते 'मुंबई उजळेल' नव्हे.

"धूर नाही, राख नाही, मग तपासायचं काय?"

बंद चक्राच्या बायनरी संचाला धूर नसतो, हे खरं. त्रास असतो तो जमिनीखाली आणि बोअर खोदण्याच्या, चाचणीच्या काळात.

रिग (खोदकामाचं यंत्र) दिवसरात्र चालते. कोकणातल्या बेसाल्टमध्ये वरचे थर भेगाळ आणि झिजलेले, मध्येच लाल मातीचे पट्टे. इथे ड्रिलिंगचा बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) घातलेला चिखल अचानक भेगेत गायब होतो. रिगवर ही रोजची कटकट, पण गावाच्या विहिरी त्याच वरच्या थरात आहेत. दुसऱ्या दिवशी पोहऱ्यात गढूळ पाणी आलं की कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

मग केसिंग. लोखंडी नळ्या आणि खडक यांमधली जागा तळापासून वरपर्यंत सिमेंटने भरायची असते. दोन नळ्यांमधल्या सिमेंटात कुठे पाण्याचा कप्पा अडकून राहिला, तर बोअर तापल्यावर ते पाणी फुगतं आणि आतली नळी चेपते. सिमेंट अपुरं राहिलं तर खोलवरचं खारट पाणी वरच्या गोड्या पाण्यात शिरतं. भूऔष्णिक पाण्यात जागोजागी आर्सेनिक, बोरॉन, फ्लोराइड सापडतं. म्हणून सिमेंट नीट बसलंय का, हे बोअरमध्ये उपकरण सोडून (लॉग घेऊन) तपासणं ही अट मंजुरीतच लिहिलेली हवी.

सगळ्यात दुर्लक्षित बाब उत्पादन चाचणीची. एका मेगावॉटच्या बोअरची पाच दिवस चाचणी घेतली तर सुमारे २४,००० घनमीटर गरम, खारं पाणी निघतं. ते साठवायला एक हेक्टरचं, अडीच मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं तळं लागतं. कोकणात वर्षाला अडीच ते तीन मीटर पाऊस पडतो. तेच एक हेक्टर तळं नुसत्या पावसानेच काठोकाठ भरेल. त्यामुळे चाचणी नोव्हेंबर ते मे या काळातच घ्यायची आणि पावसाळ्याआधी तळं रिकामं करायचं, हे वेळापत्रक आधीच ठरवावं लागतं. ते ठरतं पर्यावरण तपासणीतच.

भारतातलं उदाहरण हवं असेल तर लडाखमधलं पूगा घ्या. १ मेगावॉटच्या पहिल्या टप्प्याचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकाम चालू असताना दाबाखालचं गरम पाणी बाहेर पडून शेजारच्या नाल्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं.

"अमेरिकेने तपासणी रद्द केली"

रद्द केलेली नाही. तिथे सरकारी जमिनीचं काम टप्प्याटप्प्याने चालतं: आधी जमीन वापराचा आराखडा, मग लीज, मग शोध, मग बोअर, शेवटी वीजकेंद्र आणि वाहिन्या. पर्यावरणाचा १९६९ चा कायदा, ज्याला तिथे नेपा म्हणतात, प्रत्येक टप्प्याला लागू होतो. त्यामुळे एकाच प्रकल्पाची तपासणी सहा वेळांपर्यंत होऊ शकते. ही तक्रार रास्त आहे आणि तिच्यावर उपायही झाले. शोधाच्या टप्प्यातल्या लहान कामांना २०२४ आणि २०२५ मध्ये सविस्तर अहवालातून सूट मिळाली, पण ती मर्यादित खोदकामापुरती. वीजकेंद्राला ती सूट नाही.

फॉरवर्डमधले '२८ दिवस' आले कुठून? एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या गृह खात्याने (तिकडे हे खातं जमिनी सांभाळतं, पोलिस नव्हे) ऊर्जा आणीबाणीच्या नावाखाली मुदती आवळल्या: साध्या मूल्यांकनाला १४ दिवस, सविस्तर अहवालाला सुमारे २८. अहवाल करावाच लागतो, फक्त घाईने. आणि झऱ्याची वर्षभराची वागणूक २८ दिवसांत मोजता येत नाही. आधीच मोजलेली असेल तर गोष्ट वेगळी.

नेवाडातलं डिक्सी मेडोज प्रकरण 'एका बेडकाने प्रकल्प अडवला' असं सांगितलं जातं. नोव्हेंबर २०२१ मध्ये संक्षिप्त मूल्यांकनावर, 'लक्षणीय परिणाम नाही' असा शेरा मारून मंजुरी मिळाली. झरे आटले तर नंतर उपाय करू, अशी योजना होती. महिन्याभरात एक पर्यावरण संस्था आणि फॅलन पायूट-शोशोन ही मूलनिवासी जमात कोर्टात गेली. डिक्सी व्हॅलीचा भेक जगात फक्त त्या गरम झऱ्यांच्या पाणथळीत राहतो. एप्रिल २०२२ मध्ये तातडीने, डिसेंबरमध्ये कायमचा, तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. ६० मेगावॉटचा बेत १२ वर आला. वेळ गेला तो इथे: सुरुवातीला वाचवलेली तपासणी नंतर कोर्टात करावी लागली.

'झरे आटतात ही नुसती भीती आहे' असं ज्यांना वाटतं, त्यांनी न्यूझीलंडचं वैराकेई पाहावं. १९५८ पासून तिथे वीज सुरू झाली. शेजारच्या गीझर व्हॅलीतले गीझर (जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे) बंद पडले आणि काही भागात जमीन दहा मीटरहून जास्त खचली. तेव्हा वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडत नसत. आता सोडतात, पण त्यातही मेख आहे. परतीचा बोअर फार जवळ घेतला तर थंड पाणी भेगेतून थेट उत्पादनाच्या बोअरकडे येतं आणि संचच थंडावतो. फार लांब घेतला तर झऱ्याखालचा दाब उतरतो.

"आपल्याकडे परवानगीच लागत नाही, अडवतात ते उगाच"

याचा पहिला भाग ऐकायला बरोबर वाटतो. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात, म्हणजे मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत, भूऔष्णिक प्रकल्पाची स्वतंत्र नोंद नाही. पण सरकारी जमीन म्हटली की बाकीचे कायदे आलेच. वनजमीन असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी दोन टप्प्यांत घ्यावी लागते. २०२३ च्या दुरुस्तीने सर्वेक्षण आणि शोधाला सवलत देता येते, वीजकेंद्राला नाही. त्याबरोबर वनहक्कांची पूर्तता, अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा, अभयारण्य असेल तर वन्यजीव मंडळ, सांडपाण्यासाठी १९७४ च्या जल कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. गायरान असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आड येतो.

खरी अडचण अशी की यातलं कुणीच झऱ्याखालच्या दाबाबद्दल विचारत नाही. वन खातं झाडं मोजतं, मंडळ सांडपाणी पाहतं. केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक धोरण आणलं. आता परिशिष्टात नोंदही व्हायला हवी. लहान व्यासाच्या तापमान बोअरला सुटसुटीत परवानगी आणि उत्पादनाला पूर्ण तपासणी, अशी.

उलट बाजूचीही एक अफवा इथेच निकालात काढू: 'वज्रेश्वरीत बोअर मारले की मुंबईचं पिण्याचं पाणी खारं होईल.' वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी तानसा धरणाच्या खालच्या अंगाला आहेत. तलावाला त्यांचा धोका नाही. धोका असेल तो कुंडांना, गावच्या विहिरींना आणि खालच्या नदीला.

"मोजमाप काय, प्रकल्प सुरू झाल्यावरही करता येईल"

संपूर्ण मजकुरातलं हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य.

कुंडातून बाहेर पडणाऱ्या ओहोळावर ९० अंशांच्या खाचेची पत्र्याची पाटी बसवली की खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह कळतो. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला ४.४ लिटर, ९ सेंटिमीटर असेल तर ३.४. म्हणजे एका सेंटिमीटरच्या फरकात जवळजवळ पाव झरा गेला. डोळ्यांना तो फरक दिसत नाही, आणि आधीची नोंद नसेल तर सिद्धही करता येत नाही. प्रकल्पवाला म्हणणार पाऊस कमी झाला, गाव म्हणणार बोअरने नेलं, आणि दोघांच्याही हातात पुरावा शून्य.

पावसाळ्यात थंड पाणी मिसळून झऱ्याचं तापमान आणि खारेपणा खाली येतो; नदीकाठची कुंडं पुरात बुडतात. फक्त ऑगस्टमध्ये नमुने घेतले तर झरा मुळातच कोमट होता असा निष्कर्ष निघेल, आणि नंतरचं नुकसान त्याआड लपेल. म्हणून किमान एक पूर्ण वर्ष, शक्यतो दोन पावसाळे. तापमान आणि विद्युतवाहकता दर तासाला लॉगरवर (आपोआप नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर). क्लोराइड, सिलिका, बोरॉन, लिथियम, फ्लोराइड मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. पाण्याचं मूळ आणि वय कळण्यासाठी ऑक्सिजन-१८, ड्यूटेरियम, ट्रिटियम हे समस्थानिक (त्याच मूलद्रव्यांचे वेगळ्या वजनाचे अणू). आसपासच्या विहिरींची पातळीही त्याच वेळापत्रकात.

पालघरमध्ये याला भूकंपमापकांची जोड लागेल. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून लहान भूकंपांची मालिका झाली. तिथे ना बोअर होता ना वीजकेंद्र. उलट दक्षिण कोरियातल्या पोहांगला २०१७ चा ५.५ तीव्रतेचा धक्का खोल बोअरमध्ये दाबाने सोडलेल्या पाण्याशी जोडला गेला. कोकनेरे किंवा हळोलीच्या झऱ्यांजवळ उद्या रिग उभी राहिली, तर त्याआधीची किमान वर्षभराची नोंद हाताशी असल्याशिवाय कुठला धक्का कुणाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

यातल्या कशालाही वनमंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पाटी, लॉगर आणि नमुन्यांच्या बाटल्या रिगच्या एका दिवसाच्या भाड्यापुढे किरकोळ आहेत, आणि जमिनीची फाइल फिरत असताना वर्ष तसंही जातंच. नोंद एप्रिलमध्ये, नदी आटलेली असताना सुरू करावी. पाटी पुरात वाहून जाऊ नये म्हणून ती जूनच्या पहिल्या आठवड्यात काढून ऑक्टोबरमध्ये त्याच खुणेवर परत बसवावी.