गार्डन सबर्ब श्रीमंतांसाठी नव्हतं : कोल्हापुरात फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

शहराच्या हद्दवाढीचा विषय निघाला की कोल्हापूरच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा : लंडनचं हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब हे उपनगर म्हणजे ब्रिटिश सरकारनं श्रीमंतांसाठी झाडीत वसवलेली बंगल्यांची वसाहत. कल्पना हॉवर्ड नावाच्या आर्किटेक्टची, तिलाच गार्डन सिटी म्हणतात. एकरात मूठभर घरं बांधून जमीन वाया घालवायची चैन गोऱ्यांनाच परवडली. बाकी काय, झाडं लावली की झालं गार्डन सबर्ब. कोल्हापूरच्या मातीत असलं काही कधी रुजलेलं नाही आणि नियोजनात गरिबाला जागा नसतेच. तेव्हा शहरालगतचं पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव जसं गुंठ्या-गुंठ्यानं वाढतंय तसं वाढू द्या.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण गरिबाची बाजू घेतोय असं मनापासून वाटतं. म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि सगळ्यात चुकीचं आहे ते पहिलंच.

“श्रीमंतांसाठी वसवलं”

हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब ज्या बाईंनी उभं केलं, त्या हेन्रिएटा बार्नेट यांचं निम्मं आयुष्य लंडनच्या व्हाइटचॅपेलमध्ये गेलं होतं. व्हाइटचॅपेल म्हणजे त्या काळच्या लंडनमधली अगदी दाटीची, रोगराईची, हातावर पोट असलेल्यांची वस्ती. त्यांचे पती सॅम्युअल बार्नेट तिथल्या चर्चचे धर्मोपदेशक होते. १८८४ साली या दोघांनी तिथंच टॉयनबी हॉल सुरू केला. विद्यापीठात शिकलेल्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत येऊन राहावं आणि काम करावं, ही त्यामागची कल्पना. एका खोलीत सहा-आठ माणसं कशी जगतात, हे या बाईंनी रोज पाहिलं होतं.

त्यांनी मांडलेली तत्त्वं वाचली की या मजकुराचा पायाच निखळतो. सर्व थरांतल्या, सर्व उत्पन्नांच्या लोकांना इथं घर मिळावं. घरांमध्ये भिंती नकोत, कुंपण झुडपांचं असावं. भाडं कितीही असो, बागा आणि राई सर्व रहिवाशांना खुल्या असाव्यात. एका घरानं दुसऱ्याचा देखावा अडवू नये. शांतता राहावी म्हणून चर्चच्या घंटासुद्धा वाजू नयेत. १९०७ साली पहिली कुदळ पडली, आणि सुरुवातीची घरं होती ती कारागीर-कामगारांची, उत्तरेकडच्या भागातली. १९०९ साली वॉटरलो कोर्ट उभं राहिलं, ते नोकरी करणाऱ्या एकट्या स्त्रियांसाठी. वृद्धांसाठी लहान भाड्याच्या खोल्यांची ‘ऑर्चर्ड’ नावाची वेगळी इमारत झाली. १९०९ साली एकटी राहणारी कामकरी बाई आणि म्हातारा भाडेकरू यांचा वेगळा विचार करणारी वसाहत श्रीमंतांची कशी?

पैसा कुठून आला, हे त्याहून महत्त्वाचं. कामगारांची घरं बांधली ती भाडेकरूंच्या सहभागीदारी संस्थांनी. ही पद्धत १९०१ साली लंडनच्या पश्चिमेला ईलिंगमध्ये सुरू झाली होती आणि तिच्यामागे हेन्री व्हिव्हियन हा सुतारकाम केलेला कामगार पुढारी होता. संस्था जमीन आणि घरं आपल्याकडे ठेवते. भाडेकरू थोडे-थोडे समभाग घेतो. लाभांशाला पाच टक्क्यांची मर्यादा असते. वरचा नफा बाहेर जात नाही, भरलेल्या भाड्याच्या प्रमाणात भाडेकरूंच्याच खात्यावर समभाग म्हणून जमा होतो. म्हणजे भाडं भरता भरता माणूस आपल्याच वसाहतीचा मालक होत जातो. हप्त्याच्या ओझ्याखाली दबलेल्या आजच्या कोल्हापूरकरानं हा हिशेब जरा थांबून वाचावा.

आज ते उपनगर लंडनमधल्या महागड्या भागांपैकी एक आहे, हे खरं. मजकूर लिहिणाऱ्यानं आजचे भाव पाहिले आणि मूळ हेतूही तोच धरला. घडलं ते असं. १९११ च्या सुमारास आणखी सुमारे ४०० एकर जमीन मिळाली, पण पहिल्या महायुद्धानंतर बांधकामाचा खर्च वाढला आणि नव्या भागातली घरं प्रामुख्यानं मध्यमवर्गाची झाली. १९२० च्या दशकात मोठा वाहतूक रस्ता मधून गेला आणि वसाहत दुभंगली. सहभागीदारी संस्थांचे समभाग हळूहळू बाहेरच्यांच्या हातात गेले. १९६७ साली इंग्लंडात कायदा आला आणि भाडेपट्ट्यावर राहणाऱ्यांना घराखालची जमीन विकत घेता येऊ लागली. घर सुटं झालं, बाजारात आलं, भाव चढले. गरीब गेले ते जमिनीवरची सामुदायिक मालकी सुटल्यामुळे, नियोजनामुळे नव्हे. आणि गुंठ्या-गुंठ्यानं विकल्या जाणाऱ्या जमिनीत तर ती मालकी पहिल्या दिवसापासूनच नसते.

एक दोष मात्र मान्य करायला हवा. सर्व थर एकत्र म्हणताना प्रत्यक्षात मोठी घरं मोकळ्या माळाच्या कडेला आणि कामगारांची उत्तरेला, असा भाग पडलाच. या बाबतीत आपल्या जुन्या पेठा पुढे आहेत. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत वकिलाचा आणि हमालाचा मुलगा एकाच तालमीच्या मातीत घुमतो. हॅम्पस्टेडमध्ये व्याख्यानं आणि वर्गांसाठी संस्था काढून, क्लब बांधून जे जमवायचा प्रयत्न झाला, ते तालमीनं इथं सहज जमवलं. नवीन वसाहतींच्या नकाशात तालमीला जागा कुठं असते?

“ब्रिटिश सरकारनं बांधलं”

सरकारनं एक वीटही रचली नाही. १९०६ साली या वसाहतीसाठी ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानं ईटन कॉलेजच्या विश्वस्तांकडून २४३ एकर जमीन विकत घेतली. सरकारकडे ट्रस्ट गेला तो परवानगीसाठी, कारण त्या वेळचे बांधकामाचे नियम प्रत्येक रस्ता रुंद आणि फरसबंद हवा असं सांगत होते. चार घरांच्या बोळालाही तोच नियम. त्या खर्चात कामगाराचं घर बसतच नव्हतं. म्हणून संसदेकडून खास कायदा करून घेतला गेला, १९०६ चा हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब कायदा. एकरी सरासरी आठच घरं बांधण्याची अट ट्रस्टनं मान्य केली आणि बदल्यात लहान रस्त्यांची मुभा मिळवली. वीस फुटी, पुढं बंद होणारी छोटी गल्ली, पण लांबी पाचशे फुटांपेक्षा जास्त नाही. आणि समोरासमोरच्या घरांत किमान पन्नास फुटांचं अंतर.

आपल्याकडे गुंठेवारीत रस्ता तेवढाच अरुंद असतो. फरक असा की त्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले रस्त्याला चिकटून उठतात, गल्ली फर्लांगभर लांब जाते, आणि शेवटी घंटागाडीला वळायलाही जागा नसते, मग ॲम्ब्युलन्स दूरच.

“हॉवर्ड आर्किटेक्ट आणि गार्डन सिटी तीच”

एबेनेझर हॉवर्ड लघुलेखक होते. संसदेतल्या कामकाजाचं लघुलेखन हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. १८९८ साली त्यांनी पुस्तकातून मांडलेली गार्डन सिटी हे स्वतंत्र गाव होतं : ६,००० एकरांत ३२,००० माणसं, स्वतःचे कारखाने, भोवती कायमची शेती. १९०३ साली लेचवर्थ हे पहिलं तसं गाव सुरू झालं. हॅम्पस्टेड हे उपनगर, पोटापाण्याला लंडनवर अवलंबून. दोन्हींचे आराखडे रेमंड अनविन आणि बॅरी पार्कर यांचे, त्यामुळे गोंधळ होतो. हॅम्पस्टेडच्या मधल्या चौकाचं काम एडविन लटयेन्सकडे होतं, ज्यांनी पुढे नवी दिल्लीचं काम केलं. कोल्हापूरच्या कामाचा मुद्दा एवढाच : शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या आसपास राहायला जागा आखताना पहिला नमुना, म्हणजे गार्डन सिटी, जवळचा; पाचगाव-कळंब्याकडे दुसरा, म्हणजे उपनगराचा. दोन्ही एकाच नावानं ओळखले की दोन्हींचा विचार बिघडतो.

“एकरी आठ घरं म्हणजे जमीन वाया”

हा आक्षेप मजकुरातला सगळ्यात दमदार, म्हणून त्याला वेळ द्यायला हवा. अनविननं १९१२ साली याच आक्षेपाला आकड्यांत उत्तर दिलं. दहा एकर जमीन घेतली. एका आराखड्यात नियमाप्रमाणे दाटीवाटीनं ३४० घरं बसवली, दुसऱ्यात १५२. पहिल्यात प्रत्येक घराला सुमारे ८३ चौरस यार्डांचा तुकडा आला, दुसऱ्यात सुमारे २६१. आपल्या मापात पहिला पाऊण गुंठ्याहूनही कमी, दुसरा दोन गुंठ्यांपेक्षा थोडा जास्त. घरं निम्म्याहून कमी झाली, पण प्लॉट तिपटीहून मोठा झाला. कारण पहिल्या आराखड्यात जमीन आणि पैसा रस्त्यांनीच खाल्ला होता. रस्त्यांचा खर्च निम्म्यावर आल्यामुळे चौरस यार्डामागचा दर उतरला. घरटी बोजा वाढला, पण मिळालेल्या जागेच्या मानानं कमीच. आणि दुसऱ्या आराखड्यात घरांच्या मागे सगळ्यांना मिळून मोकळं मैदानही उरलं होतं.

एकरी आठ घरं कोल्हापुरात बांधावीत असं मी म्हणत नाही. चाळीस गुंठ्यांत आठ घरं म्हणजे रस्ता धरून घरटी पाच गुंठे. उसाची काळी जमीन अशी उधळणं पाप ठरेल, आणि त्या दरात शिक्षकाचं किंवा फौंड्रीतल्या कामगाराचं घर बसणार नाही. पण अनविनची रीत उचलण्यासारखी आहे. मोठी वाहतूक एका रस्त्यावर ठेवा, आतल्या गल्ल्या छोट्या आणि बंद ठेवा, वाचलेली जागा मधोमध एकत्र सोडा. आपल्याकडे मोठ्या लेआउटला दहा टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती बहुतेक वेळा कडेच्या तिरप्या कोपऱ्यात किंवा ओढ्याच्या उतारावर काढली जाते, जिथं प्लॉट पडत नाही. तीच जागा मधोमध आली तर बिल्डरचं काही जात नाही आणि पोरांना खेळायला मैदान मिळतं.

“झाडं लावली की झालं गार्डन सबर्ब”

मजकुरात हे ओघात येतं, पण कोल्हापूरला सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच आहे. हॅम्पस्टेडची सुरुवात घरांपासून झालीच नाही. भुयारी रेल्वे उत्तरेकडे येणार हे कळलं, तेव्हा जुन्या हॅम्पस्टेड माळाच्या कडेची शेतं घरांनी गिळली जाणार हेही बार्नेटबाईंना कळलं. पहिली मोहीम झाली ती ८० एकर मोकळी जागा कायमची वाचवायची. शेजारच्या जमिनीवर वसाहत हा विचार त्यातून पुढे आला. मोकळं काय ठेवायचं हे आधी ठरलं आणि घरं मागून आली.

आपला क्रम उलटा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, नागाळा पार्कात, रमणमळ्यात, दुधाळीत शिरलं. झाडांची कमी असलेला भाग नव्हे नागाळा पार्क. तिथं वड, पिंपळ, गुलमोहर सगळे आहेत. पाणी आलं ते पाण्याच्या जागेत घरं आल्यामुळे. जयंती नाला दक्षिणेकडून, कात्यायनीच्या बाजूनं शहरात येतो. त्याला मिळणारे ओढे ज्या माळांवरून उतरतात तिथंच आज एन.ए. (बिगरशेती) प्लॉटच्या पाट्या उभ्या आहेत. ओढा पाइपात घालून वर रस्ता केला की नकाशावर तो नाहीसा होतो, पावसाळ्यात नाही. २०१७ साली झालेल्या कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरणात ४२ गावं आहेत. त्या गावांतले ओढे, तळी, गायरानं आधी नकाशावर रंगवून बाजूला काढणं, हे गार्डन सबर्बचं पहिलं काम. दुतर्फा अशोकाची रोपं लावणं हे शेवटचं.

“कोल्हापूरच्या मातीत असलं रुजत नाही”

कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली आणि १८९५ साली शाहू महाराजांनी स्टेशनजवळ शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. हॅम्पस्टेडची कुदळ पडायच्या बारा वर्षं आधी. १९१७ साली त्याच रेल्वेवर जयसिंगपूर आखलं गेलं, महाराजांच्या जन्मदात्या वडिलांच्या नावानं. काटकोनात छेदणाऱ्या त्याच्या सरळ गल्ल्या आजही नवख्या माणसाला चुकू देत नाहीत. पुढे राजारामपुरीतही क्रमांकाच्या गल्ल्या आल्या आणि शेजारी उद्यमनगरात इंजिनं, पंप, ओतकामाचे कारखाने उभे राहिले. कामगार चालत कामावर जाऊ शकेल एवढं अंतर. या पेठा म्हणजे गार्डन सबर्ब नव्हेत, व्यापार आणि उद्योगासाठी काढलेल्या वसाहती आहेत. पण आधी आखणी, मग वस्ती हा क्रम या गावाला परका नाही. परका आहे तो गेल्या काही दशकांतला प्रकार. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, हद्द मात्र वाढली नाही, आणि शहर हद्दीबाहेर आखणीशिवाय पसरत गेलं.

व्हिव्हियनची सहभागीदारीही इथं पोचलेली आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकारानं सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, आपल्याकडच्या गृहनिर्माण सहकाराची सुरुवात ती. महाराष्ट्राच्या सहकारी संस्थांच्या नियमांत आजही गृहनिर्माण संस्थेचा एक प्रकार भाडेकरू सहभागीदारीचा आहे. जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या नावावर, सभासदाला घर वाटपानं. कोल्हापूर जिल्ह्यानं ऊस सहकारात घातला, दूध सहकारात घातलं. गोकुळ दूध संघ १९६३ सालचा. गावोगावच्या सेवा सोसायट्यांचा हिशेब शाळा न पाहिलेली माणसंही समजून घेतात. घराची जमीन मात्र आपण गुंठ्यांच्या दलालाकडे सोपवली. कळंब्याला किंवा उचगावला वीस-पंचवीस एकर एकत्र घेऊन, जमीन संस्थेच्याच नावावर ठेवून, चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यापासून डॉक्टरपर्यंत सभासद घेणारी संस्था नोंदवायची ठरवली, तर सहकार कायद्यात त्यासाठी काही नवीन घालावं लागणार नाही.