‘रामकुंडात डुंबणाऱ्यांनी…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मुंबईहून कोकणात हर्णैला जाणाऱ्या जुन्या प्रवासी बोटीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “रामकुंडात डुंबणाऱ्यांनी आम्हाला समुद्र शिकवू नये. रामदास बोट बुडाली त्याचा उल्लेख नाही, कोकण रेल्वेमुळे बोटी बंद पडल्या तेही नाही. नुसते गळे काढणं.” खाली सही ‘एक खरा कोकणी’. म्हणजे मी खोटा, हे सहीतच उरकून टाकलंत.

लेखाचं शीर्षक जरा हळवं झालं, मान्य. ‘भाऊचा धक्का ते हर्णै’ एवढंही चाललं असतं. पण लेखातलं काही पटलं नाही तर लेखाबद्दल बोलावं. लिहिणाऱ्याचा पिनकोड काढायची ही कुठली रीत?

आता रामकुंड, म्हणजे माझं नाशिक. माझे वडील हर्णैजवळच्या आंजर्ल्याचे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लागले म्हणून आम्ही इथले झालो. मे महिन्यात गावी निघायचं ते रात्रीच्या गाडीने कसारा घाट उतरून मुंबईला. परळला काकांकडे आंघोळ-जेवण, आणि मग भाऊच्या धक्क्यावर जागा धरायला पळापळ. डेकवर वळकटी सोडली की तेवढी जागा तुमची. आईला बोट लागायची. धक्का सुटायच्या आतच ती लिंबू नाकाशी धरून डोळे मिटायची, ते हर्णैपर्यंत कुणाशी बोलायची नाही.

हर्णैला बोट किनाऱ्याला लागत नसे. बाहेरच नांगर टाकायची आणि उतारूंना किनाऱ्यावर न्यायला पडाव, म्हणजे होड्या, यायचे. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी ओरडायचा आणि तुम्ही पाय सोडायचा. ती लाट हुकली की पुढचीची वाट बघायची. पोरांना कुणी विचारत नसे. बखोट धरून या हातातून त्या हातात. एकदा आमची ट्रंक बोट आणि पडावाच्या मध्ये सापडली. तिला पडलेला पोचा अजून आहे, आणि वडिलांनी पांढऱ्या रंगात घातलेलं ‘मु. पो. आंजर्ले’ त्याच्यावरून वाकडं जातं. माळ्यावर आहे. या कधी, दाखवतो. गोधड्या काढाव्या लागतील एवढंच.

आणि मुळात बोट होती कुणासाठी? हर्णैत राहून हर्णैत मासळी विकणाऱ्याचं तिच्यावाचून काही अडत नव्हतं. ती होती गिरणीत गेलेल्यांची, भांडी घासायला मुंबई गाठलेल्यांची, आमच्यासारख्या आणखी आत घाटावर फेकल्या गेलेल्यांची. तिच्याबद्दल बोलायला गाव न सोडल्याचा दाखला लागतो हे नवीनच ऐकलं. तहसीलदार देतात का?

गेल्या हिवाळ्यात तोच मार्ग धरून गेलो ते याचसाठी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच आहे. त्यापुढे हर्णैच्या बोटीचं नाव नाही. एस.टी., वडाप, बागमांडल्याहून वेसवीला खाडी ओलांडणारी जंगलजेट्टी, मग केळशी, आंजर्ले असं करत हर्णै. बोट थेट नेऊन सोडायची तिथे मी मधे मुक्काम करून, कंबर मोडून पोचलो. लिलाव चालू होता. एका म्हाताऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याला, पडाव कुठे लागायचे ते विचारलं. त्याने सुवर्णदुर्गाच्या दिशेने हात करून जागा दाखवली, मग मी कुठला ते विचारलं. नाशिक म्हटल्यावर त्याने दाखला मागितला नाही. उलट आमच्या घराचं नाव ओळखलं.

बाकीचं थोडक्यात. रामदास १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. माझा लेख हर्णैच्या फेरीचा आहे. एवढ्या मोठ्या घातावर जाता जाता एक वाक्य टाकून मोकळं व्हायचं मला बरं वाटलं नाही. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती जानेवारी १९९८ मध्ये. हर्णैची बोट त्याच्या कितीतरी आधी गेली होती, एस.टी.ने तिचं गिऱ्हाईक खाल्लं. शिवाय ती रेल्वे दापोली-हर्णैला शिवतसुद्धा नाही, खेडवरून जाते. खऱ्या कोकण्याला हे नाशिकच्या माणसाने सांगायचं?

‘गळे काढणं’ यावर मी काही बोलत नाही. बोललो तर तुमच्याच पातळीवर उतरेन.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचा भाग दाभोळ आणि जयगडचा आहे. चुका काढायच्या असतील तर जरूर काढा, फक्त नावानिशी.