पॉवर केबल बदलून बास वाढतो म्हणे!

हा मेसेज इतक्या ठिकाणांहून आला की शेवटी म्हटलं एकदा नीट उत्तर लिहून टाकू. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अँपसोबत (अँप्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा डबा) कंपनी जी काळी पॉवर केबल देते ती भंगार असते, तिच्यात करंट अडतो, म्हणून फार महाग नको पण एखादी परवडणारी आफ्टरमार्केट, म्हणजे बाजारात वेगळी मिळणारी केबल घ्याच, बास घट्ट होतो, स्टेज (वाद्यं समोर पसरून बसल्यासारखी ऐकू येणं) मोकळं होतं वगैरे. त्याखाली पुरवण्या: जाड तेवढी चांगली, चांदीचा मुलामा असेल तर फारच उत्तम, बाणाची दिशा बघून लावा, शंभर तास वाजवल्याशिवाय मत देऊ नका, शिल्डवाली (तारांभोवती धातूचं आवरण असलेली) केबल वीज "स्वच्छ" करते, आणि हम, म्हणजे स्पीकरमधून सतत गुणगुण, येत असेल तर प्लगची अर्थची (अर्थिंगची) पिन काढून बघा. बाकीचं सोडून दिलं असतं, पण ही शेवटची पुरवणी वाचून गप्प बसवेना.

सुरुवात "करंट अडतो" पासून करू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. मेसेजवाल्याने पाण्याच्या पाइपाचा दाखला दिलाय, पाइप बारीक तर धार बारीक. बरं, पण मग मधली टाकी कुठे गेली? अँप उघडून बघा, ट्रान्सफॉर्मर, त्यानंतर एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर, त्यानंतर वीज साठवणारे ते जाडजूड कपॅसिटर, हीच ती टाकी, स्पीकरला जाणारा करंट ह्या कपॅसिटरमधून निघतो, आणि ५० हर्ट्झच्या लाइनवर ते सेकंदाला १०० वेळा परत भरले जातात. स्विचिंग सप्लाय असेल तर मांडणी थोडी वेगळी, पण कपॅसिटर तिथेही आहेतच. गाण्यात ड्रम वाजला की भिंतीतून ड्रमच्या आकाराचा करंट धावत येतो असं काही नसतं.

आता आकडे. सोबत आलेल्या केबलवर बोट फिरवा, बारीक उठावाची अक्षरं लागतील, उजेडात तिरकी धरली की वाचता येतात. बऱ्याचदा "एच०५व्हीव्ही-एफ ३जी०.७५" असं काहीतरी असतं. म्हणजे आतून-बाहेरून पीव्हीसी, लवचिक, तीन तारा त्यातली एक हिरवी-पिवळी अर्थची, आणि प्रत्येक तार ०.७५ चौरस मिमी. अशा तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) मीटरला साधारण ०.०२६ ओहम. दीड मीटर केबल, जायची-यायची मिळून तीन मीटर, म्हणजे ०.०७८ ओहम. कपॅसिटर भरताना करंट झटक्याझटक्याने येतो हे खरं, म्हणून सरासरी सोडा, तुमच्या बाजूने जास्तीत जास्त धरू, पीक म्हणजे टोकाचा करंट १० अँपिअर. व्होल्टेज पडलं ०.७८. आता दुप्पट जाड, १.५ चौरस मिमीची लावली तर पडेल ०.४ च्या आसपास. फरक झाला ०.४ व्होल्टचा, तोही २३० व्होल्टच्या लाइनवर जिथे पीक ३२५ व्होल्टचा असतो, म्हणजे डेसिबलमध्ये ०.०१, आणि तेसुद्धा अँप पार शेवटच्या टोकाला ताणला तरच. रोजच्या व्हॉल्यूमला तेवढंही नाही. शिवाय मेन बोर्डपासून सॉकेटपर्यंत भिंतीत जी वायर आहे ती पंधरा मीटर जरी धरली तरी तिचा रेझिस्टन्स ह्या केबलच्या कितीतरी पट, तिला कोण बदलतंय? लाइनचं व्होल्टेज तर दिवसभरात असंही काही व्होल्ट वरखाली होत असतं, तेव्हा कोणाचं स्टेज आक्रसलेलं ऐकलं नाही.

चांदी. तांब्यापेक्षा साधारण ६ टक्क्यांनी बरी वाहक, बस. मुलाम्याचं समर्थन असं करतात की करंट तारेच्या पृष्ठभागावरून वाहतो. ते रेडिओ फ्रिक्वेन्सीला. ५० हर्ट्झला तांब्यात स्किन डेप्थ, म्हणजे करंट पृष्ठभागापासून जेवढा आत पसरतो ती खोली, ९ मिमीच्या वर आहे, तुमची अख्खी तारच दीड-दोन मिमीची नाही. बाणाबद्दल काय बोलायचं, एसी आहे हो, दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. शिल्ड एकाच टोकाला जोडलेल्या सिग्नल केबलवर बाणाला काहीतरी अर्थ असतो, तिथून तो इकडे आला असावा. आणि शंभर तास वाजवून केबल "मोकळी" होत नाही, ऐकणाऱ्याचे कान सरावतात, आणि तोवर परत करायची मुदतही उलटून जाते, हा योगायोग मला तरी गोड वाटत नाही.

शिल्डचा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे कारण त्यात अर्धं खरं आहे. शिल्ड केबलमधून बाहेर पसरणारा त्रास थोडा अडवतं, पण तारेतून आत येणाऱ्या विजेला धुऊन-पुसून देत नाही. ते काम अँपच्या आतल्या फिल्टरचं. आणि टर्नटेबल असेल, तिथे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या नेहमीच्या डबीचा) सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टचा असतो, पॉवर केबल त्याच्या वायरीला चिकटून गेली तर घरघर येऊ शकते. पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे पातळ फॉइलचं काही चालत नाही, अंतराचं चालतं. वीतभर लांब न्या, ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. फुकट आहे.

"पण मला फरक ऐकू आला" हे येणारच. आला असेल, मी खोटं म्हणत नाही. केबल बदलायला अँप बंद करा, मागे वाका, लावा, परत चालू करा, एवढ्यात आधीचा आवाज नेमका कसा होता ते कुणाच्याच लक्षात राहत नाही, वर आपण पैसे दिलेत हे डोक्यात पक्कं असतं. आणखी एक शक्यता कोणी बोलत नाही: जुना प्लग वर्षानुवर्षं तिथेच बसलेला, पिनांवर थर चढलेला, सॉकेट सैल. काढून घातल्यावर संपर्क घासून साफ होतो. खरखर त्याने गेली असेल तर जुनीच केबल दोनदा काढ-घाल करूनही गेली असती. खात्री करायची तर दुसऱ्या कोणाला तरी केबल बदलायला सांगा, कुठली लावली ते तुम्हाला कळू देऊ नका, लावली नसली तरी लावल्याचं नाटक करायला सांगा, आणि उत्तरं कागदावर लिहा.

केबल घ्यायची खरी कारणं वेगळी आहेत. लांबी कमी पडते, जुनीचं आवरण तडकलंय, कनेक्टर सॉकेटमध्ये डुगडुगतो, किंवा अँप मोठा आहे आणि त्याला अँपकडच्या टोकाला १० अँपिअरचा नेहमीचा सी१३ कनेक्टर नाही तर १६ अँपिअरचा सी१९ लागतो. तेव्हा बघायचं काय, तर मान्यताप्राप्त सर्टिफिकेशनचा मार्क, तारेची जाडी छापलेली, मोल्ड केलेला प्लग, आणि आत शुद्ध तांबं. स्वस्तात "जाड" दिसणाऱ्या काही केबलींमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, रेझिस्टन्स तांब्याच्या जवळपास दीडपट, आणि जाडी सगळी बाहेरच्या नायलॉनच्या जाळीची. त्यापेक्षा सोबत आलेली काळी केबल शंभर पटीने बरी.

आता अर्थ. हम येतो तो बहुतेक वेळा दोन उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थ झालेली असतात आणि मधे सिग्नल केबलने परत जोडलेली, त्या वर्तुळात करंट फिरतो म्हणून. अर्थची पिन काढली की हम जातो, ते खरं आहे, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण मग आतलं इन्सुलेशन एखाद्या दिवशी गेलं तर अँपची पत्र्याची बॉडी लाइव्ह होते, फ्यूज उडत नाही कारण करंटला जायला वाटच नाही, आणि ती वाट पुढे व्हॉल्यूमच्या नॉबवरचा हात देतो. सिग्नल केबलच्या शिल्डमधून हे शेजारच्या उपकरणापर्यंतही पोचतं. ज्या उपकरणांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि जी कंपनीकडूनच दोन पिनची येतात त्यांची गोष्ट निराळी, ती अर्थशिवाय चालतील अशीच बनवलेली असतात. तीन पिनवाल्याची एक पिन तोडायची नाही. सगळं एकाच चांगल्या स्ट्रिपवर आणा, बॅलन्स्ड जोडणी (सिग्नल दोन तारांतून उलटसुलट पाठवणारी) असेल तर ती वापरा, टीव्हीची अँटेना किंवा केबल काढून बघा हम जातो का, आणि तरीही राहिला तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे थेट तारेचा जोड तोडून फक्त सिग्नल पुढे देणारा, टाका.