‘मेलेलं यीस्ट गळ्यात मारलं’ या एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमची तक्रार थोडक्यात अशी : आमच्या घरी बिअर बनवायच्या किटची मिल्क स्टाउट (दुधाची साखर घातलेली गोडसर काळी बिअर) 1.070 वरून 1.042 वर आली आणि तिथेच अडकली. (हा आकडा म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबत जाते तसा तो उतरतो.) वरून दुसरं पाकीट भुरभुरलं तरी ढिम्म हलली नाही. म्हणजे यीस्ट मेलेलं होतं, पैसे परत द्या, आणि बिअर आता सिंकमध्ये ओतणार.

ओतू नका! यीस्ट मेलेलं असतं तर बिअर 1.070 ची 1.070 च राहिली असती. दुसऱ्या दिवशी फेस एअरलॉकमधून (झाकणावरच्या गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर आला, असं तुम्हीच लिहिलंय.

खरी गोम तुमच्या फोटोत आहे. त्यात रिफ्रॅक्टोमीटरची रेघ 10.5 ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे साखरेचं माप) दिसतेय, आणि 1.042 हा आकडा तिथूनच आलाय. हे यंत्र प्रकाश किती वाकतो ते बघून साखर सांगतं. आंबण्याआधी ते चोख चालतं. एकदा अल्कोहोल तयार झालं की तेही प्रकाश वाकवतं आणि आकडा फुगतो. 17 ब्रिक्सला (म्हणजे तुमच्या 1.070 ला) सुरू झालेली बिअर 10.5 दाखवत असेल, तर हिशेब करून खरा आकडा 1.024 च्या आसपास निघतो. किटच्या कागदावर शेवटचा आकडा 1.025 छापलाय. तेव्हा माझ्या मते तुमची बिअर अडकलेली नाही, झालेली आहे.

1.025 म्हणजे गोडच की, असं वाटेल. पण मिल्क स्टाउट गोडच असते. 20 लिटरमध्ये 500 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आहे आणि बिअरचं यीस्ट त्याला तोंड लावत नाही, त्यामुळे आकड्यातले जवळजवळ दहा अंक (म्हणजे 0.010) तसेच राहतात. इंग्लंडमध्ये केंटमधल्या हाइथच्या मॅकेसन या बिअर कंपनीने ही बिअर नावारूपाला आणली तीही याच दुधाच्या साखरेवर.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. साधा काचेचा हायड्रोमीटर (बिअरमध्ये तरंगून घनता दाखवणारी नळी) घ्या. नमुना दोन ग्लासांत वरखाली ओतून त्यातला गॅस घालवा, 20 अंश सेल्सियसला येऊ द्या आणि मग वाचा. 1.028 च्या आत असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा तोच आला तरच बाटल्या भरा. त्याआधी भरायची घाई अंगाशी येते, बाटल्या फुटतात.

1.035 च्या वर निघालाच, तर बिअर खरोखर अडकलीय आणि माझा संशय तुमच्या गॅरेजवर आहे. तिथे 14 अंश असतात असं तुम्ही लिहिलंय. नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये इडलीचं पीठ ओट्यावर फुगत नाही, तसंच हे. त्यात किटमधलं एस-04 लवकर तळाशी बसणारं यीस्ट, गारठलं की झोपतंच. बकेट घरात 20-21 अंशांवर आणा आणि झाकण न उघडता हलकेच गोल फिरवा, म्हणजे तळाचं यीस्ट वर येईल. घुसळू मात्र नका. या टप्प्यावर हवा आत मिसळली की स्टाउटला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. तीन-चार दिवस वाट पाहा.

तरीही हलली नाही तरच नवीन यीस्ट, पण कोरडं भुरभुरून नाही. अल्कोहोलमध्ये कोरडं पाकीट टाकलं तर ते बिचारं जागं व्हायच्या आधीच गारद होतं. एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या साखरेची पूड) उकळा, गार करा, त्यात यीस्ट घाला आणि फेस धरला की तसंच बकेटमध्ये ओता. अडकलेली बिअर सोडवायला विकतात त्या एन्झाइमच्या पुड्यांच्या नादी लागू नका. लॅक्टोजला त्यांचा उपयोग नाही आणि बाकीची बिअर पाणचट होते.

आता पैशांचं. संपूर्ण किटचे पैसे मी परत देणार नाही, कारण किटमध्ये दोष दिसत नाही. हायड्रोमीटर नसेल तर स्वच्छ बाटलीत 250 मिली नमुना घेऊन दुकानात या, तुमच्यासमोर मोजू, त्याचे पैसे नाहीत. 1.035 च्या वर निघाला तर वर सांगितलेल्या फेसाळ मिश्रणासाठी यीस्ट आणि एक्स्ट्रॅक्ट माझ्याकडून. येताना रिफ्रॅक्टोमीटरही आणा, त्याचा हिशेब कसा करायचा ते दाखवतो.