काट मारलेला सिनेमा

इफ्फीला, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिवलला, जाणं आम्हा बेळगावकरांना तसं काहीच अवघड नाही, पहाटे सेंट्रल बस स्टँडवर जायचं, जांबोटी कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा की आली पणजी. अवघड काम म्हणजे दाजींना घेऊन जाणं. २०२३ ला मी एकटाच जाणार होतो, पण अक्का म्हणाली, "एवढं आंतरराष्ट्रीय आहे म्हणतोस, मग ह्यांना पण ने की, घरात बसून नुसत्या सीरियली बघालेत." आता अक्काला नाही म्हणायची टाप आमच्या घरात कुणाची आहे.

मी आठ दिवस अभ्यास केलेला. स्पर्धेत १५ सिनेमे, त्यातले १२ परदेशी, पाच जणांची ज्युरी, अध्यक्ष शेखर कपूर, पहिल्याला सुवर्ण मयूर आणि ४० लाख रुपये, ते दिग्दर्शक आणि निर्माता दोघांत वाटून. हे सगळं मी बसमध्ये दाजींना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "वाटून म्हणजे वीस-वीस?"

"होय."

"मग भांडणाचा विषयच नाही," म्हणाले आणि कणकुंबी यायच्या आत घोरायला लागले. कर्नाटक कधी संपलं, गोवा कधी लागलं, त्यांना पत्ता नाही.

मी यादी काढली. काय बघायचं, काय नाही. आणि सगळ्यात पहिली काट मारली ती 'एण्डलेस बॉर्डर्स' नावाच्या इराणी सिनेमावर. सीमेवरच्या गावात धाडलेला एक मास्तर, अफगाणिस्तानातनं जीव मुठीत धरून येणारी माणसं, असं काय काय. म्हटलं बाबा, सीमा बघायला रजा टाकून गोव्याला कशाला जायचं? आमच्या दारात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या भांडणाचे १९५६ पासून रोजचे खेळ चालू आहेत, तिकीट नाही, इंटरव्हल नाही. त्या भांडणावर नेमलेला महाजन आयोग, हा शब्द मला बाराखडीच्या आधी पाठ झालाय (खरंच, घरात बोलणंच ते). १ नोव्हेंबरला एका चौकात कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिन बघून अजून महिना पण झाला नव्हता, आणि परत सीमाच बघायची? तीही अंतहीन? छे.

दाजींनी यादीत डोकावून बघितलं. "ह्यात कांतारा पण आहे की रे. ते बघूया."

"दाजी, ते आपण बेळगावात थेटरात बघितलंय, नंतर तुम्ही मोबाईलवर तीनदा बघितलाय. ज्युरी काय त्याला बक्षीस देणार आहे?"

"का नाही? शेवटाला काटा येतोय अंगावर."

"काटा आला म्हणून बक्षीस देत नसतात," मी म्हणालो. हे वाक्य अजून माझा पाठलाग करतंय.

तर आम्ही बघितला बर्फाचा सिनेमा. नाव सांगत नाही, त्याची काही चूक नव्हती. त्याआधी रांग. तासभर रांगेत उभे राहिलो आणि गेटवर कळलं की खायचं आत न्यायचं नाही, आणि अक्कानं दिलेल्या पिशवीत चपात्या, शेंगाचटणी आणि अर्धा किलो कुंदा. मी म्हटलं ठेवूया कुठंतरी. दाजी म्हणाले, कुंदा ठेवायची वस्तू आहे काय? आणि त्यांनी रांगेतच वाटायला सुरुवात केली. पुढं केरळची पोरं होती, फिल्मवर फार गंभीर चर्चा चाललेली, कुंदा तोंडात गेल्यावर थांबली. एकानं विचारलं हे काय, दाजींनी कन्नडमध्ये सांगितलं, त्याला कळलं नाही, मग हिंदीत, मग बोटं चाटून दाखवली. ते मात्र कळलं. आत जाईपर्यंत दाजींचे सात मित्र झालेले, आणि मी दहा वर्षं ह्या फेस्टिवलला येतोय, मला कोण ओळखत नाही.

सबटायटलचं मला वाटलेलं दाजींना जड जाईल. पण आमचं आख्खं आयुष्यच सबटायटलवर चाललंय, बसचा बोर्ड कन्नड, ऑफिसातला कागद इंग्रजी, ऑफिसातलं उत्तर पण कन्नड, आणि ह्या सगळ्याचा राग मराठीत. ते सुरुवातीला झकास वाचत होते. पण पडद्यावर एक बाई खिडकीत उभी, खिडकीबाहेर बर्फ, बर्फात कुत्रं. पाच मिनिटं झाली, बाई तिथंच. दाजी कानात म्हणाले, "त्या कुत्र्याला आत घ्या म्हणावं." पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून बघितलं. दहा मिनिटांनी बाई खुर्चीत बसली, कुत्रं तिथंच, आणि दाजी झोपले. खरं सांगतो, त्यानंतर मी पण. टाळ्यांनी जाग आली तेव्हा सगळे उभे होते, आम्ही पण उठलो, आणि आख्ख्या थेटरात सगळ्यात जोरात टाळ्या दाजींच्या.

२८ नोव्हेंबरला निकाल लागला तेव्हा आम्ही परत बेळगावात. सुवर्ण मयूर: 'एण्डलेस बॉर्डर्स'. बेस्ट ॲक्टर: त्यातलाच पूरिया रहीमी साम. आणि ज्युरीचं स्पेशल पारितोषिक रिषभ शेट्टीला, कांतारासाठी.

पाच मिनिटांत दाजींचा फोन. "अरे, तू काट मारलेलंच पिच्चर नव्हं हे?"

मी म्हणालो, ज्युरीचं काय सांगता येत नाही, पाच माणसं, पाच मतं. आणि विषय बदलायला म्हणून सांगितलं की इफ्फी गोव्यात कायमचा आला २००४ ला, आणि महाराष्ट्रानं सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात घातला तोही २००४ लाच. तिथं पाच माणसं नऊ दिवसांत पंधरा सिनेमे बघून निकाल देऊन घरी जातात, आमचा एकच खेळ अजून चालू आहे.

"मग त्या ज्युरीलाच सांग की," दाजी म्हणाले. "हे पण एकदा बघा म्हणावं. वीस-वीस वाटून घेऊया, भांडणाचा विषयच नाही."

पुढच्या वर्षी नोव्हेंबर लागायच्या आधीच दाजी घरी आले, हातात कागद-पेन. म्हटलं काय हो दाजी, ह्यावर्षी तुम्ही यादी करालाय काय?

"मी कशाला करू? तू कशावर काट मारालास तेवढं सांग. मी तेवढीच बघतो."