स्विंगचा राजा, पण जनक नव्हे

'बेनी गुडमनने स्विंग जन्माला घातलं, काळ्या-गोऱ्या वादकांना पहिल्यांदा एकत्र वाजवायला लावलं आणि कार्नेगी हॉलचं दार जॅझसाठी उघडलं.' हा मजकूर फिरून फिरून येतोय. स्विंग म्हणजे १९३० च्या दशकात गाजलेला, मोठ्या बँडचा, नाचायला लावणारा जॅझ. अमेरिकन बँडप्रमुख गुडमनची क्लॅरिनेट मलाही आवडते, म्हणूनच लिहितो.

जन्माचं आधी. २१ ऑगस्ट १९३५ ला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये पोरं वेडी झाली, हे खरं. पण कशावर? मिळमिळीत नाचगाणी बाजूला सारून गुडमनने काढलेल्या, कृष्णवर्णीय बँडप्रमुख फ्लेचर हेंडरसनच्या अरेंजमेंट्सवर, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं याच्या मांडणीवर! हेंडरसन आणि त्याचा अरेंजर डॉन रेडमन यांनी न्यूयॉर्कमध्ये १९२० च्या दशकातच ब्रास (ट्रंपेट, ट्रॉम्बोन) आणि रीड (क्लॅरिनेट, सॅक्सोफोन) वाद्यांचे सवालजवाब बांधले होते. १९२४ मध्ये तर ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग त्याच वाद्यवृंदात होता. पुढे, १९३४ मध्ये, हेंडरसनचा बँड मोडला आणि गुडमनला रेडिओवरच्या कार्यक्रमासाठी नवा माल हवा होता, म्हणून त्याने त्या अरेंजमेंट्स विकत घेतल्या. गुडमनने हे कधी लपवलं नाही. लपवतोय तो हा मजकूर.

एकत्र वाजवण्याचं श्रेय अर्धं खरं. १९२३ मध्येच कृष्णवर्णीय पियानोवादक जेली रोल मॉर्टन गोऱ्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रणाला बसला होता. पण बंद स्टुडिओत बसणं वेगळं आणि भर रंगमंचावर टेडी विल्सन, लायोनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना शेजारी घेऊन वाजवणं वेगळं. त्या काळच्या अमेरिकेत त्याला छाती लागत होती. 'पहिला' हा शब्द तेवढा काढा.

कार्नेगी हॉलबद्दल थोडक्यात: १९१२ मध्ये जेम्स रीझ युरोपच्या कृष्णवर्णीय वादकांचा ताफा तिथे वाजवून गेला होता, १९२८ मध्ये डब्ल्यू. सी. हँडीने तिथे कार्यक्रम केला. १६ जानेवारी १९३८ ची गुडमनची मैफल गाजली, पण तीतही काउंट बेसी आणि ड्यूक एलिंग्टन या कृष्णवर्णीय बँडप्रमुखांचे वादक होतेच.

राहिला गुडमनला मिळालेला 'स्विंगचा राजा' हा किताब. ११ मे १९३७ ला न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये गुडमनच्या बँडची चिक वेबच्या बँडशी जुगलबंदी झाली. वेब कुबड असलेला, बुटका ड्रमर. गर्दीने कौल वेबला दिला, आणि गुडमनचा स्टार ड्रमर जीन क्रुपा त्याच्यासमोर कमरेत वाकला.