कामाचा दाखला कोणी द्यायचा?

यंदाच्या दिवाळीत कर्वेनगरच्या घरी फराळाच्या वेळी सुरू झालेला एक वाद भाऊबीजेपर्यंत चालला. माझा पुतण्या हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या चाचणीचे काम करतो आणि रोज रात्री तासभर लिंक्डइनवर लिहितो: कोणता कोर्स पूर्ण झाला, कोणते प्रमाणपत्र मिळाले, कोणत्या परिषदेला तो हजर होता. दादाची सदतीस वर्षे भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. काम चांगले असेल तर त्याची दवंडी पिटावी लागत नाही, हे त्याचे मत. पुतण्याने विचारले, "बाबा, तुमचे काम भोसरीबाहेर कोणाला कळले?" दादा गप्प बसला. निवृत्तीच्या दिवशी त्याला शाल-श्रीफळ मिळाले होते. त्याने कोणते साचे घडवले, कोणते बिघाड निस्तरले, हे मात्र कोणत्याही कागदावर नाही.

सोळा वर्षे स्टुटगार्टमध्ये राहिल्यावर अशा वादात "आमच्याकडे लोक असे मिरवत नाहीत" असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. माझे बहुतेक जर्मन सहकारी खरोखरच ऑनलाइन फारसे दिसत नाहीत आणि मी ते बरीच वर्षे त्यांच्या संयमाचे लक्षण मानत आले. आता तसे वाटत नाही. त्यांच्या वतीने बोलणारा एक कागद त्यांच्या हाती असतो, म्हणून त्यांना स्वतः बोलावे लागत नाही.

त्या कागदाला तिथे 'आर्बाइट्सत्सॉइग्निस' म्हणतात. नोकरी सोडताना असे लेखी प्रमाणपत्र मिळणे हा जर्मनीत कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि कर्मचाऱ्याने मागणी केल्यास त्यात कामाचे स्वरूप व कालावधी यांबरोबरच कामाचा दर्जा आणि वर्तन यांविषयीही लिहावे लागते. मजकूर स्पष्ट असावा, त्यात छुपा अर्थ नसावा, असेही कायदा सांगतो. प्रत्यक्षात मात्र एक सांकेतिक भाषा रूढ झाली आहे. 'नेहमीच आमचे पूर्णतम समाधान होईल असे काम केले' म्हणजे उत्तम, नुसते 'समाधान होईल असे' म्हणजे जेमतेम, आणि 'प्रयत्न केला' म्हणजे काम जमलेच नाही. ही पद्धत निर्दोष नाही, हे यावरून दिसतेच. तरीही त्या कागदात माणसाने काय केले, हे दुसऱ्याच्या सहीने लिहिलेले असते.

मी पुण्यातली पहिली नोकरी सोडली, तेव्हा मला तीन ओळींचे अनुभवपत्र मिळाले होते: नाव, पद, दोन तारखा आणि शुभेच्छा. स्टुटगार्टमधल्या पहिल्या मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी ते वाचले आणि मागे आणखी काही आहे का, हे पाहण्यासाठी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. त्यांच्या वागण्यात कुचेष्टा नव्हती; पण तीन वर्षांचे आपले काम सांगायला आपल्याकडे स्वतःच्या तोंडाखेरीज काही नाही, ही जाणीव मला त्या क्षणी फार बोचली.

म्हणून पुतण्याची बाजू मला पटते. मालक लिहून देत नाही, तेव्हा आपला दाखला आपणच लिहावा लागतो. शिवाय १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला चालवणाऱ्या शहराला चारचौघांत आपले म्हणणे मांडण्याचे वावडे असण्याचे कारण नाही.

मात्र तो जे लिहितो, ते मला पटत नाही. त्याच्या तीस-चाळीस नोंदी मी वाचल्या. त्यांत प्रमाणपत्रे भरपूर होती, काम कुठेच नव्हते. मग मी त्याला विचारले की गेल्या वर्षात तुला सापडलेला सर्वांत अवघड दोष कोणता. तो अर्धा तास बोलत राहिला. पैसे भरताना नेटवर्क तुटले आणि ग्राहकाने पुन्हा बटण दाबले, तर रक्कम दोनदा वजा होत होती. हे नेहमीच्या चाचणीत येत नव्हते, म्हणून त्याने मुद्दाम जोडणी तोडून पाहण्याची रीत बसवली. हे का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "आत्या, त्यात विशेष काय?"

जर्मनीत 'आउसबिल्डुंग' म्हणजे कारखाना आणि शाळा मिळून दिले जाणारे व्यवसायशिक्षण साधारण दोन ते साडेतीन वर्षांचे असते. त्या काळात उमेदवाराला आपण काय शिकलो व काय केले याची नियमित नोंदवही ठेवावी लागते. तिच्यावर प्रशिक्षकाची सही होते आणि ती नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. आमच्या विभागातली सतरा वर्षांची मुले दर शुक्रवारी कंटाळत का होईना, पण ती लिहितात. मला आत्मविकासाच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा ही सवय मोलाची वाटते, कारण लिहायला बसल्यावर आपल्याला नेमके काय कळलेले नाही, ते कळते. ग्राहकाचे नाव आणि गोपनीय तपशील वगळून अशी नोंद पुण्यातही ठेवता येईल, मराठीतही ठेवता येईल.

दुसरी अपेक्षा कारखानदारांकडून आणि कंपन्यांकडून आहे. मराठा चेंबर ही उद्योजक-व्यापाऱ्यांची संस्था १९३४ पासून पुण्यात काम करते आहे. सविस्तर अनुभवपत्राचा एक नमुना अशा संस्थेने आपल्या सभासदांपुढे ठेवला, तर भोसरी-चाकणच्या फिटरलाही आपले काम दाखवता येईल. लिंक्डइनवर लिहिणे ज्याला जमत नाही, त्याची गरज तर सर्वांत मोठी आहे.

मी परतल्यावर आठवड्याने पुतण्याने त्या दोषावर लिहिलेले दीड पान पाठवले. दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर पहिला व्यवहार नेमका कुठे अडकून राहत होता, हे त्यात आलेले नव्हते. तेवढे विचारून मी पान परत पाठवले आहे.